एका दिवसात दमण : जाताना आणि परतताना

मुंबईहून दमणला जाताना दोन सीमा ओलांडाव्या लागतात. घोलवड आणि उंबरगाव रोड या स्थानकांच्या मध्ये महाराष्ट्र संपतो. पुढे वापीला उतरून पश्चिमेकडे सुमारे बारा किलोमीटर गेले की गुजरातही संपतो आणि जेमतेम ७२ चौरस किलोमीटरचे दमण लागते. कोठेही पारपत्र दाखवावे लागत नाही, आणि पाटीकडे लक्ष नसेल तर सीमा कधी मागे पडली हेही कळत नाही. ते कळते रस्त्याकडेला एकाएकी सुरू होणाऱ्या दारूच्या दुकानांवरून. कायदा मात्र त्या पाटीपाशी खरोखरच बदलतो, आणि या सहलीत काही बिनसलेच तर ते बहुधा परतीच्या वाटेवर याचा विसर पडल्यामुळे बिनसते.

दिवस ठरवताना सुट्टीपेक्षा तिथी पाहावी, असे माझे मत आहे. येथील समुद्र ओहोटीला इतका मागे जातो की जांपोरच्या किनाऱ्यावर उभे राहून पाणी शोधावे लागते आणि समोर केवळ काळपट, चिखलट वाळू पसरलेली दिसते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तोच हिशेब येथे कामी येतो. फक्त मुंबईपेक्षा दमणला भरती काहीशी उशिरा येते, हे ध्यानात ठेवावे. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपार कलताना समुद्र भरलेला मिळेल. अष्टमीला मात्र भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या पुढे असल्याने भर दुपारी पाणी दूर गेलेले असेल. शनिवार-रविवारी वापी-सुरतेकडील गर्दी किनाऱ्यावर लोटते, त्यामुळे मधला वार मिळाल्यास उत्तम. पावसाळ्यात समुद्रात उतरण्याचा विचारही करू नये.

गाडी सकाळचीच धरावी. फ्लाइंग राणी मुंबईहून संध्याकाळी सुटते, त्यामुळे ती या कामाची नाही; गुजरात एक्स्प्रेससारखी पहाटेची गाडी घेतल्यास दिवस हाती लागतो. परतीचे आरक्षण जातानाच करून ठेवावे. वापीला पश्चिमेकडून बाहेर पडले की शेअर रिक्षा मिळतात, परंतु बसण्यापूर्वी नानी दमण की मोटी दमण हे स्पष्ट सांगावे, कारण दोहोंच्या मध्ये दमणगंगा नदी आहे. नावाने नानी धाकटी असली, तरी बाजारपेठ, हॉटेले आणि वर्दळ तिकडेच आहे. स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांनी अच्छाड-भिलाडमार्गे महामार्गाने वापी गाठावी.

आरंभ नानी दमणच्या किल्ल्यापासून करावा. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या या लहानशा कोटाच्या नदीकडील दरवाजावर संत जेरोमचा पुतळा उभा आहे. तटावर चढले की खाली नदीच्या मुखाशी लागलेल्या मासेमारी होड्या दिसतात. ओहोटी असेल तर त्या चिखलात एका कुशीवर कललेल्या असतात आणि त्यांच्या दोरखंडांवर बगळे बसलेले असतात. देवक्याचा किनारा येथून उत्तरेला आहे, पण तो खडकाळ असल्याने वेळ कमी असल्यास मी तो वगळेन.

पूल ओलांडून मोटी दमणला जावे आणि दिवसाचा मोठा भाग तेथेच घालवावा. पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये दमण घेतले, आणि त्यांनी बांधलेल्या येथील किल्ल्यात आजही सरकारी कचेऱ्या भरतात, त्यामुळे हा किल्ला ओसाड वाटत नाही. बॉम जेझूस चर्चमधील वेदीचे लाकडी कोरीवकाम सावकाश पाहण्यासारखे आहे. जवळचे रोझरीचे छोटे प्रार्थनामंदिर बंद असल्यास चर्चमध्ये विचारावे; आतील सोनेरी मुलाम्याचे काम अंधाराला डोळे सरावल्यावरच नीट दिसते. येथील काही ख्रिस्ती घरांत अजून पोर्तुगीजवर आधारलेली बोली बोलली जाते, मात्र व्यवहार गुजराती-हिंदीत चालतो. मराठी वाचकाला आणखी एक धागा येथे सापडेल : १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे दमणवर चालून गेली ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती, आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. त्यानंतर १९८७ पर्यंत दमण आणि गोवा यांचा कारभार एकत्रच होता.

जेवण उरकून, भरतीची वेळ साधून, सुरूच्या झाडांखालून जांपोरला उतरावे.

आता परतीविषयी. दमणमध्ये मद्य विकत घेणे आणि पिणे कायदेशीर आहे, परंतु दमणहून महाराष्ट्रात येणारी जमिनीवरची प्रत्येक वाट गुजरातमधून जाते आणि तेथे दारूबंदी आहे. ‘आम्ही केवळ वाटसरू आहोत, बाटली मुंबईला न्यायची आहे’ हे उत्तर नाक्यावर चालत नाही. सीलबंद बाटली आणि उरलेली अर्धी बाटली यांतही फरक केला जात नाही. एकदा माझ्यासमोरच एका मोटारीची डिकी रिकामी करून, मुलांच्या पाण्याच्या बाटल्यांची झाकणेही उघडून वास घेण्यात आला होता. सामान रिकामे असले तरी पोट साक्ष देते, कारण प्यायलेल्या अवस्थेत गुजरातमध्ये सापडणे हाही गुन्हाच आहे. म्हणून ज्यांना घ्यायची असेल त्यांनी एका दिवसाची सहल न करता दमणमध्ये मुक्काम करावा. शेअर रिक्षात सहप्रवाशाची पिशवी ‘जरा पायाशी ठेवा’ म्हणून दिली गेल्यास नम्रपणे नकार द्यावा, आणि नाक्यावरील तपासणीचा वेळ धरून गाडीच्या दीड तास आधी दमण सोडावे.