तांत्रिक नोकरीनंतर व्हॉइस ओव्हर : नवोदितांसाठी काही अनुभव

इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता म्हणून चाकणच्या कारखान्यांत बरीच वर्षे काढल्यानंतर मी व्हॉइस ओव्हरकडे, म्हणजे जाहिराती, ऑडिओबुक, डबिंग यांना आवाज देण्याच्या कामाकडे वळलो. याच वाटेवर असलेल्या तांत्रिक क्षेत्रातील मंडळींना सांगावेसे वाटते, की आपले जुने ज्ञान येथे वाया जात नाही. मात्र ते उपयोगी पडते ते ध्वनिमुद्रणाची खोली तयार करण्यासाठी, वाचनासाठी नव्हे.

खोलीचे काम आपल्याला लवकर जमते. पंखा व फ्रीज बंद करून काही सेकंदांची शांतता ध्वनिमुद्रित करावी आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिची पातळी पाहावी. ऑडिओबुकसाठी ती साधारणपणे उणे ६० डेसिबलच्या खाली असावी लागते. खोलीतला घुमारा महागड्या माइकने जात नाही, उलट संवेदनशील कंडेन्सर माइक तो अधिकच ठळकपणे टिपतो. म्हणून आधी भिंतींना जाड गोधड्या लावाव्यात, खरेदीचे नंतर पाहावे. प, फ, भ उच्चारताना हवेचा झोत थेट आदळू नये यासाठी माइक वीतभर अंतरावर, किंचित तिरपा ठेवावा.

वाचनाची गोष्ट वेगळी आहे. अहवाल वाचण्याची सवय जडलेला माणूस प्रत्येक शब्दावर सारखाच भर देतो आणि त्यामुळे उच्चार बिनचूक असूनही ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. संहिता मिळताच श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणावून घ्याव्यात, कारण मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते आणि तिथवर दम पुरला नाही तर नेमका अर्थच विरतो. ‘जगात जगायचे कसे’ हे मोठ्याने म्हणून पाहावे : दोन्ही ‘ज’ लिहायला सारखे, उच्चारायला निराळे. गावाकडचा हेल मात्र पुसून टाकू नये. डबिंगमध्ये एखादे पात्र वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारे असले, की तोच कामी येतो.

काम मागताना पाठवायची आवाजाच्या नमुन्याची फाइल मिनिट-दीड मिनिटाची पुरे.

२०१७ मध्ये स्टोरीटेल ही ऑडिओबुक ऐकवणारी सेवा भारतात आल्यानंतर मराठी ऑडिओबुकचे दालन बरेच विस्तारले. या कामाचा मोबदला पुष्कळदा तयार ध्वनिफितीच्या तासावर ठरतो, आणि तसा एक तास तयार व्हायला वाचन, दुरुस्त्या व संपादन धरून कित्येक तास जातात. नोकरी सोडण्यापूर्वी हा हिशेब मांडलेला बरा. काम जाहिरातीचे असेल तर ती किती काळ व कोणत्या माध्यमांत चालणार, तसेच आपल्या आवाजावरून कृत्रिम आवाज घडवला जाणार का, हे करारात लिहिलेले नसेल, तर सहीपूर्वी लिहून घ्यावे.