ग्राफिक्सचा छोटा प्रोजेक्ट घेऊन कॉन्फरन्सला कसं जायचं, कोल्हापूरच्या पोरापोरींसाठी

सेकंड इयर, थर्ड इयरची पोरं सारखी विचारतात, ग्राफिक्समध्ये नेमकं काय करू, आणि त्या पुण्या-बेंगळुरूच्या कॉन्फरन्सला जाऊन मिळतं काय. दोन्हीचं उत्तर एकच हाय. एक छोटी गोष्ट बनवा जिची प्रत्येक ओळ तुम्हाला समोरच्याला सांगता येईल, आणि ती लॅपटॉपवर चालत्या अवस्थेत घेऊन जा. नुसतं गेलात तर टी-शर्ट आणि स्टिकर घेऊन परत याल, बाकी काय नाय.

आधी कॉलेजच्या प्रॅक्टिकलचं बोलू. अजून लय ठिकाणी टर्बो सी ह्या जुन्या कंपाइलरवर ग्राफिक्स डॉट एच ही चित्रं काढायची लायब्ररी चालते, ६४० बाय ४८० ची १६ रंगांची स्क्रीन, त्यात डीडीए, ब्रेसनहॅम ह्या रेघ मारायच्या दोन पद्धती आणि शेवटी ती सगळ्यांनी एकमेकांची कॉपी केलेली हलणारी गाडी. लोक हसतात त्याला पण ब्रेसनहॅम नीट समजून घ्या. १९६२ साली आयबीएममध्ये प्लॉटरसाठी काढलेली ती पद्धत नुसत्या इंटिजरच्या बेरीज-वजाबाकीवर रेघ मारते, ते कागदावर पेन्सिलीने करून बघितलं की पिक्सेल म्हणजे काय ते डोक्यात बसतं. ते झालं की टर्बो सी बंद.

मग कुठलीही लायब्ररी न घेता सी प्लस प्लसमधून पीपीएम फाईल लिहा, म्हणजे साध्या आकड्यांत लिहिलेलं चित्र. पहिल्या ओळीत पी३, मग रुंदी-उंची, मग २५५, आणि खाली प्रत्येक पिक्सेलचे लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे. गिंप ह्या फुकटच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. त्यात रेघ, मग भरलेला त्रिकोण, मग झेड-बफर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी खोलीचा एक आकडा लक्षात ठेवायचा आणि नवीन त्रिकोण त्याहून जवळ असेल तरच रंग बदलायचा. एवढं हाताने केल्यावर ओपनजीएलकडे जावा, म्हणजे हेच काम जीपीयूकडून, ग्राफिक्सच्या चिपकडून, करून घ्यायची लायब्ररी. व्हर्जन ३.३ घ्या, ते २०१० चं हाय, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर पण बहुतेक चालतं. महागडं ग्राफिक्स कार्ड नाही म्हणून रडत बसू नका, इंटेलच्या आतल्या जीपीयूवर हे सगळं निवांत होतंय.

आता प्रोजेक्ट. फिरणारा क्यूब सगळेच दाखवतात, कोण बघत नाय. माझं मत विचाराल तर रंकाळा करा. खरंच, संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर जाऊन पाणी बघा, पायाजवळ सरळ खाली बघितलं तर पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो आणि लांब नजर टाकली की नुसतं आकाश. ह्यालाच फ्रेनेल म्हणतात. सरळ खाली बघताना पाणी साधारण २ टक्केच उजेड परत फेकतं, नजर तिरपी होत गेली की ते वाढत वाढत जवळजवळ आरसाच होतो. १९९४ साली श्लिक नावाच्या संशोधकाने ह्याचं सोपं सूत्र दिलं, त्यात थीटा म्हणजे नजर आणि पाण्यावरची उभी रेघ यांच्यातला कोन: एक वजा कोसाइन थीटा, त्याचा पाचवा घात, त्याला ०.९८ ने गुणा आणि ०.०२ मिळवा. शेडरमध्ये, म्हणजे जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, एका ओळीचं काम आणि पाणी एकदम खरं वाटायला लागतं, नाद खुळा.

लाटांसाठी सपाट जाळी घ्या आणि व्हर्टेक्स शेडरमध्ये, म्हणजे जाळीचा प्रत्येक बिंदू हलवणाऱ्या शेडरमध्ये, तीन-चार साइन लाटांची बेरीज करा, प्रत्येकीची दिशा, लांबी, वेग वेगळा. नुसती उंची हलवून भागत नाय, नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागावरची ती उभी रेघ, पण बदलायला लागतो नाहीतर लाटा हलतात पण चमक जागची हलत नाही. त्यासाठी साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन, म्हणजे फर्स्ट इयरचं मॅथ्स इथं कामाला येतं बघा. वेळ सेकंदात मोजा, फ्रेममध्ये नको, कारण दुसऱ्याच्या मशीनवर लाटा पळत सुटतात.

काळी स्क्रीन येणार, सगळ्यांना येते. शेडर कंपाइलचा लॉग छापा, मग रंगाच्या जागी नॉर्मलच दाखवा, त्याला अर्ध्याने गुणून अर्धा मिळवा. वाय वरच्या दिशेला असेल तर शांत पाणी हिरवट दिसलं पाहिजे, तसं नसेल तर घोळ कुठं हाय ते कळलं. रेंडरडॉक हे चुका शोधायचं टूल फुकट हाय, त्यात एक फ्रेम पकडून प्रत्येक ड्रॉ कॉल, म्हणजे जीपीयूला दिलेला काढायचा हुकूम, बघता येतो.

कॉन्फरन्स निवडताना नावाला भुलू नका. गेमकडे ओढा असेल तर इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्स. पायथॉनवाल्यांना २००९ पासून चालू असलेली पायकॉन इंडिया. पुण्यातले छोटे मीटअप तर सगळ्यात सोयीचे, रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली की अंधारातच पुण्यात उतरता, थोडा वेळ स्टेशनवर काढायचा एवढंच. बेंगळुरूला बेळगाव-हुबळीवरून रात्रीची बस. तिकीट काढायच्या आधी स्टुडंट रेट आणि व्हॉलंटियरचा फॉर्म बघा, आणि अटेंडन्सचं एचओडींकडून, म्हणजे विभागप्रमुखांकडून, जायच्या आधी लेखी घ्या, नंतर कोण ओळख दाखवत नाय. सिग्राफ ही अमेरिकेकडची मोठी ग्राफिक्स कॉन्फरन्स १९७४ पासून चालू हाय, तिथंही स्टुडंट व्हॉलंटियर घेतात, पण तो विमानाचा खर्च बघता सध्या त्यांचे व्हिडिओच बघा.

तिथं गेल्यावर सगळे टॉक ऐकत बसू नका, बऱ्याचदा रेकॉर्डिंग नंतर येतंच. चहाच्या टेबलाजवळ थांबा. "मी कोल्हापूरहून आलोय, पाण्याचा शेडर लिहिलाय, एक मिनिट दाखवू का?" एवढं बास. समोरचा आधी मिसळीचं विचारणार, विचारू दे, दोन वाक्यं मिसळीवर बोला आणि लॅपटॉप उघडा. डेमो इंटरनेटशिवाय चालला पाहिजे, हॉलचं वायफाय कधी दगा देईल सांगता येत नाय. चार्जर लावूनच दाखवा, बॅटरीवर जीपीयू मंद होतो. शिवाय अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फोनमध्ये ठेवा. इंग्लिश अडखळलं तर हिंदी, पुण्यात तर मराठीच, पण प्रश्न नेमका विचारा. "ग्राफिक्समध्ये स्कोप काय हाय" असं विचारलं तर गोलगोल उत्तर मिळतं. "लाटांचं टोक अणकुचीदार दिसत नाय, काय करू" असं विचारलं तर माणूस तिथंच कागद मागतो आणि गर्स्टनर लाटा, म्हणजे बिंदू आडवेही सरकवून टोकदार केलेल्या लाटा, काढून दाखवतो.

लाइटनिंग टॉक, म्हणजे अगदी छोटी भाषणं, असतील तर नाव द्या, पाचच मिनिटं असतात. स्लाइड कमी, डेमो जास्त.

परत आल्यावर लगेच "नाइस मीटिंग यू" पाठवू नका. त्यांनी सांगितलेलं आधी करून बघा, मग आधीचा आणि नंतरचा असे दोन स्क्रीनशॉट जोडून चार ओळींचा मेल टाका. रेझ्युमे मागितला तरच जोडा.