जुन्या एस-१० ट्रकची पुढची चाके ओढत नसतील तर

१९९०च्या दशकातील शेव्हरोले एस-१० ट्रकमध्ये फोर-व्हील ड्राइव्ह निवडल्यावर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (पुढच्या एक्सलकडे शक्ती नेणारा दांडा) फिरतो, पण पुढची चाके ओढत नाहीत, तेव्हा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये शक्ती वाटणारी पेटी) उघडण्याची घाई करू नये. दोष बहुधा पुढचा एक्सल जोडणाऱ्या व्हॅक्यूम (इंजिनच्या हवा-ओढीवर चालणाऱ्या) यंत्रणेत असतो. गाडी हँडब्रेकवर उभी करून, इंजिन चालू आणि फोर-व्हील निवडलेले असताना, बॅटरीच्या ट्रेखालील अ‍ॅक्च्युएटरची (हवेच्या ओढीने केबल खेचून एक्सल जोडणाऱ्या भागाची) नळी काढून तिच्या तोंडावर बोट ठेवावे. हवेची ओढ जाणवल्यास अ‍ॅक्च्युएटरचा पडदा फाटला असावा किंवा केबल अडकली असावी. ओढ नसल्यास नळ्यांच्या चिरा आणि ट्रान्सफर केसवरील व्हॅक्यूम स्विच तपासावा. नळीत ट्रान्सफर केसमधून स्विचवाटे आलेले तेल आढळले, तर स्विचही बदलावा आणि नळ्या स्वच्छ कराव्यात. केवळ अ‍ॅक्च्युएटर नवा बसवल्यास तेच तेल त्याचाही पडदा खराब करते.