स्कॅनर सापडतो, पण बोलत नाही: या चुका टाळा

"सॉफ्टवेअर खराब आहे, दुसरं कुठलं सुचवा." रेडिओ स्कॅनर (अनेक फ्रिक्वेन्सींवर फिरून तिथलं बोलणं ऐकवणारं यंत्र) संगणकावरून चालवायला घेतलेल्या नवख्या माणसाचा पहिला निरोप बहुतेक वेळा हाच असतो. मी उलट एकच विचारतो: स्कॅनर यूएसबी केबलने थेट जोडून पाहिलात का? उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' असतं. अँटेना, स्कॅनर, नेटवर्क केबल, राउटर, फायरवॉल (नेटवर्कवरून संगणकात काय येऊ द्यायचं हे ठरवणारा पहारेकरी), सॉफ्टवेअर, स्पीकर असे सगळे दुवे एकाच संध्याकाळी जोडायचे, आवाज आला नाही की शेवटच्या दुव्यावर खापर फोडायचं आणि तो बदलून टाकायचा. मग नवीन सॉफ्टवेअरही गप्प बसतं, कारण तुटलेला दुवा दुसरीकडेच असतो.

माझी सवय ठरलेली आहे. आधी स्कॅनर एकटा, त्याच्या स्वतःच्या स्पीकरवर. मग यूएसबीने थेट. मग लॅनच्या, म्हणजे घरच्या नेटवर्कच्या, केबलने. वायफाय सर्वात शेवटी. एक पायरी चालल्याशिवाय दुसरी चढायची नाही. याला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास वाचवायला गेलेले लोक मला चौथ्या दिवशी फोन करतात.

पिंगला उत्तर आलं, म्हणजे स्कॅनर जागेवर आहे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझा स्कॅनर लॅनवर १९२.१६८.१.२३ या पत्त्यावर होता. सॉफ्टवेअरमध्ये तोच पत्ता भरला होता आणि कित्येक महिने सगळं सुरळीत चालू होतं. एका रात्री वीज गेली, पहाटे आली. सकाळी सॉफ्टवेअर उघडलं तर 'प्रतिसाद नाही'. कमांड विंडो उघडून पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्याला 'आहेस का?' विचारलं, तर चारही वेळा लगेच उत्तर! म्हणजे नेटवर्क ठीक, स्कॅनर ठीक, दोष सॉफ्टवेअरचा, असा निष्कर्ष मी काढला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. जुनी आवृत्ती टाकून पाहिली. स्कॅनरचं फर्मवेअर अपडेट केलं. केबल बदलली. दोन रात्री यात गेल्या.

तिसऱ्या रात्री 'आर्प' कमांडने संगणकाकडची यादी काढली. कोणता आयपी पत्ता (नेटवर्कने दिलेला, बदलू शकणारा) कोणत्या मॅक पत्त्याचा (यंत्राची स्वतःची कायमची ओळख), हे त्यात दिसतं. २३ समोरचा मॅक पत्ता स्कॅनरचा नव्हताच, प्रिंटरचा होता. वीज आल्यावर राउटर आपली जुनी वाटणी विसरून उठला, प्रिंटरने आधी पत्ता मागितला आणि २३ त्याच्या पदरात पडला. स्कॅनरला भलताच पत्ता मिळाला होता. दोन रात्री मी प्रिंटरला फ्रिक्वेन्सी बदलायला सांगत होतो, आणि पिंगला इमानदारीने उत्तर देत होता तोही प्रिंटरच.

पिंग एवढंच सांगतो की त्या पत्त्यावर कोणीतरी आहे. कोण आहे, हे सांगत नाही. त्यात युनिडेनच्या एसडीएस२०० सारख्या स्कॅनरचे नियंत्रणाचे हुकूम यूडीपी या पद्धतीने जातात, पोर्ट ५०५३६ वर (पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरचं क्रमांकाचं दार). यूडीपी म्हणजे पेटीत टाकलेलं साधं पत्र. चुकीच्या घरी पडलं तरी पोच येईलच असं नाही, म्हणून सॉफ्टवेअर फक्त 'प्रतिसाद नाही' म्हणून थांबतं.

उपाय राउटरमध्ये आहे. राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते ठराविक मुदतीसाठी देतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. त्याच्या सेटिंगमध्ये पत्ता राखून ठेवण्याची सोय असते: अमुक मॅक पत्त्याला कायम अमुकच आयपी. तिथे स्कॅनर नोंदवा. काहीजण राउटर न उघडता स्कॅनरमध्येच पक्का आयपी भरतात. राउटर वाटत असलेल्या पत्त्यांपैकीच तो असला, तर एके दिवशी तोच पत्ता दुसऱ्या यंत्रालाही मिळतो, दोघं भांडतात आणि तुम्हाला कधी चालतो, कधी चालत नाही असा स्कॅनर मिळतो. मी राउटरमध्येच नोंद करतो आणि स्कॅनरच्या पाठीवर मॅक पत्त्याची चिठ्ठी चिकटवतो. अडचण आली की आर्पची यादी आणि ती चिठ्ठी जुळवायची. पिंग त्यानंतर.

स्कॅनरला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरपर्यंत तो पोहोचलेलाच नाही. केबल आणि सॉकेट बघा, सॉफ्टवेअरला हात लावू नका.

बटणं चालतात, आवाज येत नाही

ही तक्रार इतक्या वेळा ऐकली आहे की वाक्य पूर्ण होण्याआधी उत्तर तोंडात येतं. पडद्यावर फ्रिक्वेन्सी पळताना दिसते, होल्ड दाबलं की स्कॅनर थांबतो, पण स्पीकर मुका. एका परिचितांनी यापायी नवं साउंड कार्ड आणलं. सॉफ्टवेअर ते आधीच तीनदा काढून पुन्हा टाकून बसले होते.

नियंत्रण आणि आवाज एकाच वाटेने येत नाहीत, हे समजलं की अर्धं काम झालं. वर सांगितलेल्या स्कॅनरमध्ये आवाजाची मागणी आरटीएसपी या वेगळ्या पद्धतीने जाते, पोर्ट ५५४ वर. प्रत्यक्ष आवाजाची पाकिटं मग स्कॅनर स्वतः संगणकाकडे वेगळ्या पोर्टवर पाठवतो. हुकमाचं उत्तर फायरवॉल आत घेतो, कारण प्रश्न संगणकानेच विचारला होता. आवाजाची पाकिटं मात्र त्याला अनोळखी वाटतात आणि तो ती दारातच टाकून देतो.

आणि हा फायरवॉल असा कडक होतो तो बहुधा तुमच्याच घाईमुळे. सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालू केलं की विंडोज विचारतं: याला नेटवर्कवर येऊ द्यायचं का? घाईतला माणूस ती खिडकी न वाचता रद्द करतो. विंडोज त्याचा अर्थ 'नको' असा घेतं आणि त्या प्रोग्रॅमच्या नावाने अडवणुकीचा नियम लिहून ठेवतं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा त्याच फोल्डरमध्ये टाकलं तरी तो नियम तिथेच राहतो. वर परवानगीचा नवा नियम जोडलात तरी उपयोग नाही, कारण अडवणुकीचा नियम परवानगीवर मात करतो. म्हणून माझ्या परिचितांचं तीनदा पुन्हा टाकणं वाया गेलं.

फायरवॉलच्या प्रगत सेटिंगमध्ये आत येणाऱ्या जोडण्यांच्या नियमांची यादी उघडा. आपल्या सॉफ्टवेअरच्या नावापुढे लाल खूण असलेले नियम पुसा. घरचं नेटवर्क 'सार्वजनिक' म्हणून नोंदलं गेलं असेल तर ते 'खाजगी' करा. मग सॉफ्टवेअर चालू करा आणि या वेळी खिडकी वाचून परवानगी द्या.

"फायरवॉल बंद करून टाका" हा सल्ला मला मनापासून आवडत नाही. चाचणीसाठी बंद करायचाच असेल तर मी आधी राउटरची इंटरनेटची केबल काढतो, पाच मिनिटांत निकाल बघतो, फायरवॉल चालू करतो आणि मगच केबल परत लावतो. बंद केलेला फायरवॉल परत चालू करायचं लोक विसरतात. मी असे संगणक पाहिले आहेत की ज्यांचा फायरवॉल दोन वर्षं बंद होता आणि कारण एवढंच, की एकदा स्कॅनरचा आवाज येत नव्हता.

राउटरमध्ये पोर्ट उघडून स्कॅनर थेट इंटरनेटवर ठेवणं त्याहून वाईट. ही उपकरणं घरातल्या विश्वासू नेटवर्कसाठी बनवलेली आहेत. बाहेरून ऐकायचं असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित वाट) घरी बसवा. सेट करायला एक संध्याकाळ जाते, जाऊ द्या. ऐकलेलं पुढे इतरांना ऐकवण्याआधी आपल्या देशाचा कायदाही वाचून घ्या.

आरटीएल-एसडीआर वायफायवर पळवणं

आरटीएल-एसडीआर हा छोटा यूएसबी रेडिओ, म्हणजे डोंगल, माळ्यावर अँटेनाजवळ, एका लहान संगणकाला लावायचा आणि त्याचा सिग्नल आरटीएल-टीसीपी या प्रोग्रॅमने नेटवर्कवरून खाली आणायचा, ही कल्पना चांगली आहे. पण हा प्रोग्रॅम काही न सांगता चालवला तर तो फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच संगणकापुरता ऐकतो. त्याला त्या संगणकाचा लॅनवरचा पत्ता द्यावा लागतो, पोर्ट १२३४. एका वेळी तो एकच ग्राहक घेतो, म्हणून जुनं सॉफ्टवेअर मागे उघडं राहिलं असेल तर नव्याला जागा नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. स्कॅनर तयार आवाज पाठवतो, त्याला जागा फार थोडी लागते. डोंगल रेडिओ सिग्नलचे कच्चे नमुने पाठवतो: सेकंदाला २४ लाख, प्रत्येकी २ बाइट. म्हणजे ३८.४ मेगाबिट प्रतिसेकंद, अखंड. दोन भिंतींपलीकडच्या वायफायला हे झेपत नाही, आवाज तुटतो आणि लोक डोंगल बदलतात. नमुन्यांचा वेग सुमारे १० लाखांवर आणा, भार निम्म्याहून कमी होतो. मी सरळ केबल टाकतो. लिनक्सवर डोंगल 'वापरात आहे' असं आलं तर टीव्हीचा ड्रायव्हर त्यावर बसलेला असतो. डीव्हीबीचं (टीव्हीचं) ते मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे ते आपोआप चालू होणार नाही.

बाकीच्या, पटापट

फक्त चार्जिंगची यूएसबी केबल वापरू नका. तिच्यात डेटाच्या तारा नसतात.

सिरियल पोर्ट (यूएसबीवरून नियंत्रणाची वाट, विंडोजमध्ये 'कॉम पोर्ट') एका वेळी एकाच प्रोग्रॅमचा. 'प्रवेश नाकारला' आलं की आधी दुसरा प्रोग्रॅम बंद करा. केबल वेगळ्या यूएसबी सॉकेटमध्ये लावली की विंडोज कॉम पोर्टचा नंबर बदलू शकतं. माझ्याकडे सॉकेटवर खूण आहे, केबल तिथेच जाते.

केबल लावल्यावर स्कॅनर विचारतो: मेमरी ड्राइव्ह की सिरियल? ड्राइव्ह निवडलंत तर नियंत्रण होणार नाही.

लिनक्सवर आपलं खातं 'डायलआउट' या, सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या, गटात नसेल तर पोर्ट उघडत नाही.

स्कॅनर पाहुण्यांच्या वायफायवर आणि संगणक मुख्य वायफायवर असेल तर ते एकमेकांना दिसत नाहीत. ते वेगळं ठेवलेलंच त्यासाठी आहे.

घरात एकामागे एक दोन राउटर असतील आणि एक यंत्र १९२.१६८.०, दुसरं १९२.१६८.१ वर असेल, तर दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे तो वेगळे पत्ते वाटणार नाही.

संगणक झोपतो, यूएसबीची वीज वाचवली जाते, आणि सकाळी रेकॉर्डिंग रिकामं असतं. दोन्ही सेटिंग बंद करा.

शांततेला बिघाड समजणं

स्क्वेल्च, म्हणजे कमकुवत सिग्नल आणि खरखर दाबून ठेवणारी सोय, जास्त चढवलेला असतो, किंवा त्या चॅनलवर खरोखर कोणी बोलत नसतं, आणि माणूस राउटर रीसेट करत बसतो. चाचणी नेहमी सतत चालू असलेल्या प्रसारणावर करावी. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधलं जवळचं एफएम केंद्र धरा आणि होल्ड करा. ते स्कॅनरच्या स्पीकरवर ऐकू आलं आणि संगणकावर नाही, तरच नेटवर्ककडे वळा.

याच्या उलटही होतं. संगणक लावला की कमकुवत केंद्रं नाहीशी होतात. त्यात सॉफ्टवेअरचा दोष नसतो. संगणकाचा अडॅप्टर, मॉनिटर, लॅन केबल, आणि विजेच्या तारांतून नेटवर्क नेणारे अडॅप्टर तर फारच, रेडिओचा गोंगाट करतात. यूएसबी ३ ची साधनं २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायलाही त्रास देतात. स्कॅनर बॅटरीवर किंवा त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरवर ठेवा, संगणक पूर्ण बंद करा, ऐका. मग एकेक वस्तू चालू करत जा आणि खरखर कुठे वाढली ते लिहून ठेवा. सापडलेल्या वस्तूच्या तारेवर फेराइट (गोंगाट अडवणारं कडं) लावा, केबलचे तीन-चार वेढे त्यातून घ्या, आणि अँटेना टेबलावरून उचलून खिडकीपलीकडे न्या.