गाजर गवत: फुलं दिसण्याआधी उपटा

निफाड-दिंडोरीकडचे बांध पहिल्या पावसानं हिरवे झालेत, पण जवळ जाऊन बघा. गाजराच्या पाल्यासारखी पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली दिसली, की ते गाजर गवत, आपलं काँग्रेस गवत. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात पांढरी फुलं येतात आणि एकेका झाडापासून १० ते २५ हजार बी तयार होतं. पाटाच्या पाण्यातून, ट्रॅक्टरच्या चाकांना लागून, शेणखतातून ते पुढच्या रानात जातं. १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदलेलं हे तण असंच देशभर पसरलं.

माती ओली असताना मुळासकट उपटा. विळ्यानं वरवर कापलं तर बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल हवाच. आमच्या वस्तीवरच्या एका काकूंनी दोन दिवस उघड्या हातांनी गवत काढलं. कोपरापर्यंत चट्टे उठले, पापण्या सुजल्या. ज्यांना दमा आहे त्यांना या कामाला लावूच नका, परागकणांनी धाप वाढते. मजुरांना मोजे आपण द्यायचे.

फुलं नसलेलं गवत शेणाचे थर देऊन खड्ड्यात कुजवा, चांगलं खत होतं. फुलावर आलेलं मात्र खतात टाकू नका. जनावरांनाही घालू नका, दूध कडवट होतं.

द्राक्षवाल्यांना हात जोडून सांगतो, बागेच्या आसपास २,४-डी हे तणनाशक फवारू नका. वाऱ्यानं थोडा फवारा वेलीवर गेला तरी पानं पंख्यासारखी आक्रसतात, शेंडे वाकडे होतात. टोमॅटोचंही तेच. त्या औषधाचा पंप धुऊनसुद्धा बागेत वापरू नये. दगडी, पडीक जागेत १५ लिटर पाण्यात ३ किलो मीठ विरघळवून फवारलं तर कोवळं गवत करपतं, पण पिकाच्या जमिनीत मीठ नको.

गाजर गवताची पानं चाळणीसारखी खाल्लेली दिसली आणि त्यांवर पांढरट पाठीवर तपकिरी पट्ट्यांचे भुंगे असतील, तर ते मेक्सिकन भुंगे. तिथं काहीच फवारू नका. थोडे डबीत धरून दुसऱ्या पडीक जागेतल्या गवतावर सोडा. उन्हाळ्यात ते जमिनीत दडून राहतात, पावसाबरोबर वर येतात. पुढच्या वर्षी पावसाआधी अशा जागी टाकळ्याचं बी फेका, तो गाजर गवताला दाबतो.

एकट्याचा बांध साफ करून भागत नाही, पाटाच्या वरच्या अंगाचे शेजारीही सोबत घ्या. गाजर गवत जागरूकता सप्ताह १६ ते २२ ऑगस्टला असतो. त्याची वाट बघू नका, तोवर फुलं आलेली असतील.