दुसऱ्याच्या गाण्यात सॅक्सोफोन वाजवताना

स्टुडिओत दुसऱ्याच्या गाण्यासाठी सॅक्सोफोन वाजवायचं माझं पहिलं सेशन जेमतेम वीस मिनिटं चाललं आणि त्या गाण्यात माझा एकही सूर राहिला नाही. रियाझ कमी नव्हता. बाराही पट्ट्यांतल्या स्केल्स बोटांत बसल्या होत्या. पण स्टँडवरचा कागद बघितला तर चार शार्प, म्हणजे सूर अर्धा चढवायच्या चार खुणा. गाणं गिटारवर बांधलेलं, ई मेजरमधलं, आणि गिटारवादकासाठी लिहिलेला तोच कागद माझ्याही पुढे ठेवलेला. आल्टो सॅक्सोफोन हे ई-फ्लॅटचं वाद्य. त्यावर आपण सी वाजवला की बाहेर ई-फ्लॅट ऐकू येतो. म्हणजे बाकीच्यांच्या ईसाठी मला सी-शार्प धरायचा होता आणि अख्खा पीस सी-शार्प मेजरमध्ये, सात शार्पांत, उभ्या उभ्या बदलून वाचायचा होता. "दहा मिनिटं द्या, लिहून घेते," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हटलं नाही. तिसऱ्या बारला (मात्रांच्या तिसऱ्या खंडाला) चुकले, पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच चुकले. अरेंजर (कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार ते ठरवणारे) शांतपणे म्हणाले, "राहू दे, कीबोर्डवर करू."

म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: कॉन्सर्ट पिचमधला, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या सुरांत लिहिलेला, कागद समोर आला तर तो न अडखळता वाजवता यायला हवा. लोकप्रिय संगीतातली पुष्कळ गाणी गिटारवर जन्मतात आणि गिटारला ई, ए, डी या पट्ट्या सोयीच्या पडतात. आल्टोवर त्या अनुक्रमे सी-शार्प, एफ-शार्प आणि बी होतात. टेनर, म्हणजे आल्टोपेक्षा मोठा आणि खालच्या आवाजाचा सॅक्सोफोन, बी-फ्लॅटचा, त्यामुळे तिथे एफ-शार्प, बी आणि ई. टेनर घेतला म्हणून सुटका होत नाही. सात शार्प डोक्यात धरण्यापेक्षा सी-शार्पला डी-फ्लॅट समजून पाच फ्लॅटांत विचार केला तर हात मोकळा चालतो. मला ही युक्ती फार उशिरा कळली. रोज पंधरा मिनिटं कुठलंही स्वरलेखन घ्या आणि एकदा आल्टोसाठी, एकदा टेनरसाठी बदलून वाजवा. या सवयीने मला जितकी कामं मिळवून दिली तितकी एकाही अवघड सोलोने दिली नाहीत.

सेशन वादक म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्या. गाणं दुसऱ्याचं असतं. तुम्ही येता, ठरलेली जागा भरता आणि जाता. कधी चार जणांच्या फुंकवाद्यांच्या सेक्शनमध्ये दुसरा आल्टो वाजवायचा असतो, कधी कडव्यामागे लांब सूर धरायचे असतात, आणि क्वचित आठ बारांचा सोलो मिळतो. बाहेरच्यांना तो सोलोच दिसतो. १९७७ साली अमेरिकन गायक बिली जोएलच्या गाण्यात वाजलेला फिल वुड्सचा आल्टो किंवा १९७८ साली स्कॉटिश गायक जेरी रॅफर्टीच्या गाण्यातला राफेल रॅव्हन्सक्रॉफ्टचा आल्टो जगभर लोक गुणगुणले, पण त्यांतल्या कित्येकांना वादकाचं नाव ठाऊक नव्हतं. मायकेल ब्रेकर हा जॅझमधला दिग्गज, पण दुसऱ्यांच्या शेकडो रेकॉर्डवर त्याचा टेनर आहे. आपल्याकडचे मनोहारी सिंग (१९३१–२०१०) घ्या. सॅक्सोफोन तर वाजवायचेच, शिवाय फ्लूट वाजवायचे आणि राहुल देव बर्मन यांच्याकडे अरेंजरचं कामही सांभाळायचे. ही माणसं केवळ छान वाजवत होती म्हणून टिकली असं मला वाटत नाही. कुठल्या गाण्याला किती हवं आहे हे त्यांना ऐकू येत होतं.

ते ऐकू येणं म्हणजे काय, ते एका सेशनच्या आधाराने सांगते. संथ गाणं होतं. दुसरं कडवं संपतं तिथे गायिकेचा शेवटचा सूर पंचमावर थांबत होता आणि त्यानंतरचे आठ बार माझे होते. पहिले तीन टेक मी वरच्या षड्जापासून खाली उतरत सुरू केले. सूर बरोबर होते, लय बरोबर होती, तरी दर वेळी कुणीतरी दार ढकलून आत आल्यासारखं वाटत होतं. चौथ्या टेकच्या आधी मी वाद्य खाली ठेवलं आणि फक्त तिचा आवाज दोनदा ऐकला. मग तिच्याच पंचमावर, तिचा सूर विरत असताना, जिभेचा आघात न देता नुसत्या फुंकेने शिरले. ओठ सैल, आवाजात निम्मी हवा. दीड बार तो एकच सूर धरला आणि मग हळूच धैवताला स्पर्श करून खाली आले. तोच टेक राहिला. रेकॉर्डिस्टने सुरुवातीचा श्वासाचा आवाजसुद्धा काढला नाही.

आपण गाणाऱ्याला "काय जागा घेतली!" म्हणून दाद देतो. सॅक्सोफोनवाल्याला जागा घेता यायला हव्यातच, पण त्याआधी जागा सोडता यायला हवी. सेशनला जायच्या आधी गाण्याचे शब्द मागवून घ्या. कुठली ओळ प्रश्नावर संपते, कुठे गायक श्वास घेतो, यावर पेन्सिलीने खुणा करा. शब्द चालू असताना भरणा कमीत कमी ठेवा आणि त्याच सप्तकात तर वाजवूच नका. टेनरचा मधला टप्पा पुरुषाच्या आवाजाच्या अगदी अंगावर येतो. सॅक्सोफोनला माणसाच्या गळ्याजवळचं वाद्य म्हणतात. सेशनमध्ये हीच जवळीक अडचण होते.

आता सुरांबद्दल. थंड वाद्य उतरलेलं असतं, फुंकून तापलं की चढतं. स्टुडिओत वातानुकूलन जोरात असतं आणि तुम्ही तासभर बसून राहिलात की वाद्य पुन्हा गार होतं. म्हणून तुमची पाळी यायच्या आधी दहा मिनिटं कोपऱ्यात जाऊन हलकं फुंकत राहा, नाहीतर निदान नळीतून नुसती गरम हवा तरी सोडा. बऱ्याच सॅक्सोफोनवर मधला उघडा सी-शार्प उतरतो आणि त्याच्यालगतचा डी चढतो. आपल्या वाद्याचे असे लबाड सूर कोणते, ट्यूनर समोर ठेवून त्यांची यादी करा आणि ओठांनी, वेगळ्या बोटांनी ते सांभाळायला शिका. ट्यूनिंगचा ए ४४० हर्ट्झला आहे की ४४२ ला, हे पहिल्या टेकच्या आधी विचारा. हेडफोन दोन्ही कानांवर घट्ट लावले तर मी तरी चढते; एक कान मोकळा ठेवून आपला सूर खोलीतून ऐकला की ताळ्यावर येते. मोकळ्या कानाचा हेडफोन डोक्याला दाबून ठेवा, नाहीतर त्यातला क्लिक (लयीसाठी वाजणारी टिकटिक) माइकमध्ये शिरतो आणि शांत जागी उघडा पडतो.

माइक थेट बेलच्या (वाद्याच्या टोकाच्या कर्ण्याच्या) तोंडात लावायला कुणी आलं तर नम्रपणे बोला. सॅक्सोफोनचा आवाज फक्त बेलमधून येत नाही. बहुतेक सूर उघड्या भोकांतून बाहेर पडतात, आणि अगदी खालच्या, सगळी भोकं बंद असलेल्या सुरालाच बेलवर अवलंबून राहावं लागतं. माइक तीस-चाळीस सेंटिमीटर लांब, वाद्याच्या मध्याकडे रोखलेला ठेवला की सगळे सूर सारखे येतात. एकदा जागा ठरली की हलू नका. स्टेजवर डोलायची सवय असलेल्यांना हे फार जड जातं.

वाद्यं किती हवीत? आल्टो आणि टेनर दोन्ही, हे माझं स्पष्ट मत. एकच घेऊन सुरुवात करता येते, पण फोनवर "टेनर आहे ना?" हा प्रश्न येतोच. पुढची पायरी फ्लूट. बोटांची ठेवण बरीच मिळतीजुळती असल्याने हात लवकर बसतो, तोंडाची ठेवण मात्र पहिल्यापासून शिकावी लागते. क्लॅरिनेट जास्त परीक्षा घेतो: सॅक्सोफोनवर ऑक्टेव्ह की दाबली की तीच बोटं वरच्या सप्तकात चालतात, क्लॅरिनेटवर सूर एकदम सप्तकापलीकडच्या पंचमावर उडी घेतो, त्यामुळे वर आणि खाली बोटं वेगळी. रीडच्या, म्हणजे माउथपीसवरच्या वेताच्या पातळ पट्टीच्या, बाबतीत कंजूषपणा नको. चार चांगल्या रीड आळीपाळीने वाजवलेल्या आणि सपाट पृष्ठभागावर वाळवलेल्या, एवढं कायम पेटीत असू द्या. सेशनच्या दिवशी नवी रीड कधीही वापरायला काढू नका.

हल्ली बरंचसं काम घरूनच होतं. फाइल येते, तुम्ही वाजवता, फाइल जाते. यात सेक्शनचं काम एकट्याने उभं करावं लागतं: आधी वरचा लीड आवाज, मग त्याखालचे. दर थराला माइकपासून थोडं सरकून किंवा माउथपीस बदलून वाजवलं नाही तर चार वादकांऐवजी एकाच माणसाचा जाडजूड आवाज ऐकू येतो. आणि लांब सूर नेमक्या कुठल्या बीटवर तोडायचा ते कागदावर लिहून ठेवा; सेक्शनचा कच्चेपणा सुरुवातीपेक्षा सूर तोडताना जास्त कळतो. पाठवताना २४ बिटची वेव्ह फाइल, गाण्याच्या पहिल्या बारपासून सुरू होणारी, रिव्हर्ब (घुमाऱ्याचा इफेक्ट) न लावलेली. पाचव्या मिनिटाला तुमचा पीस असला तरी फाइल शून्यापासूनच द्या, म्हणजे समोरच्याने ती ओढून टाकली की जागच्या जागी बसते. टेक तीनच पाठवा. दहा पाठवणं म्हणजे निवडीचं काम दुसऱ्यावर ढकलणं.

पैशाचं बोलायला संकोच वाटतो, तरी बोला, आणि वाद्य पेटीतून काढायच्या आधी बोला. मानधन किती, कधी, किती फेरबदल त्यात धरले आहेत, श्रेयनामावलीत नाव येणार का, ही रेकॉर्डिंग दुसऱ्या गाण्यात किंवा जाहिरातीत वापरली जाणार का. एकदा मी एका गाण्यासाठी पाच थरांचा सेक्शन दोन रात्री बसून केला, पूर्ण फाइल्स पाठवल्या, आणि त्यानंतर समोरून उत्तरच आलं नाही. गाणं प्रसिद्ध झालं, माझा सेक्शन त्यात होता. लेखी काहीच नव्हतं, त्यामुळे भांडायला पायाच नव्हता. त्याचं दुःख अजून आहे. तेव्हापासून अर्धी रक्कम आधी घेते आणि मंजुरीसाठी कमी दर्जाची नमुना फाइल पाठवते.

हेही लक्षात ठेवा की गीतकार-संगीतकाराचा हक्क वेगळा आणि वादकाचा हक्क वेगळा. १९६१ च्या रोम करारात आणि १९९६ च्या डब्ल्यूपीपीटी (सादरकर्ते आणि ध्वनिमुद्रणं यांविषयीच्या) करारात वादकांच्या हक्कांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. प्रत्यक्षात काय पदरात पडतं ते देशोदेशीच्या कायद्यावर आणि तुम्ही सही केलेल्या कागदावर ठरतं. तुमचा पीस गाण्याची ओळख बनला, तरी सगळे हक्क एकरकमी दिले असतील तर पुढे हात रिकामेच राहतात. सही करायच्या आधी वाचा, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगची तारीख, गाणं, वाद्य यांची नोंद स्वतःजवळ ठेवा.

शरीराची काळजी घ्या. टेनर गळ्यात अडकवून सहा तास बसलं की मान बोलायला लागते. खांद्यांवर भार घेणारा पट्टा वापरा. सेक्शनमध्ये पाठीमागे ट्रम्पेट असतील तर कानात वादकांसाठीचे इअरप्लग घाला. कान गेले की परत येत नाहीत.

माझ्याकडे एक वही आहे. सेशन संपलं, वाद्य पुसलं, रीड काढून ठेवली की तिथेच बसून चार ओळी लिहिते: गाण्याची पट्टी, टेम्पो, कुठला माउथपीस, कितवी रीड, माइक कुठे होता, कुठला टेक राहिला, कागद कॉन्सर्टमध्ये होता की बदललेला. पुष्कळदा वर्षभराने त्याच गाण्यात दोन बार बदलायचे म्हणून फोन येतो आणि तेव्हा आवाज जुन्या टेकशी जुळावा लागतो. फोन ठेवला की मी आधी वही उघडते, मग पेटी.