सर्व्हरचा एक्सेप्शन क्लायंटला जसाच्या तसा मिळेना, तेव्हा

जावा आरएमआयमध्ये (दुसऱ्या मशीनवरच्या प्रोग्रॅमची मेथड इथून बोलावायची सोय) सर्व्हरने स्वतःचा ‘शिल्लक अपुरी’ एक्सेप्शन, म्हणजे चुकीचा इशारा, फेकला, पण क्लायंटच्या हाती पडला अनमार्शलएक्सेप्शन, म्हणजे ‘आलेलं उत्तर उलगडता आलं नाही’. एक्सेप्शन पकडणारा आपला कॅच ब्लॉक चाललाच नाही. अशा वेळी वरच्या नावावर जाऊ नका. लॉगमध्ये ‘नेस्टेड एक्सेप्शन’च्या पुढे काय आहे ते बघा.

क्लासनॉटफाउंड असेल, तर क्लायंटच्या क्लासपाथवर (जावा जिथे क्लास शोधतं त्या जागांवर) तो क्लासच नाही. मी रिमोट इंटरफेस (दुरून बोलावायच्या मेथडची यादी) आणि सगळे एक्सेप्शन एका वेगळ्या जारमध्ये (क्लासच्या एकत्र फाइलमध्ये) काढले आणि तीच जार दोन्हीकडे दिली. इनव्हॅलिडक्लास दिसला, तर दोन्ही बाजूंच्या क्लासच्या आवृत्त्या वेगळ्या आहेत. सिरियलव्हर्जनयूआयडी, म्हणजे क्लासचा आवृत्ती क्रमांक, हाताने १ लिहून टाका.

सगळ्यात चिवट प्रकार ‘कॉज’चा, म्हणजे एक्सेप्शनच्या आत ठेवलेल्या मूळ कारणाचा. आपला क्लास निर्दोष असतो, पण आत गुंडाळलेला डेटाबेस ड्रायव्हरचा एक्सेप्शन क्लायंटला अनोळखी असतो आणि सगळंच पार्सल फुटतं. म्हणून मूळ एक्सेप्शन सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहायचा आणि बाहेर फक्त एरर कोड व संदेश, म्हणजे साध्या स्ट्रिंग, पाठवायच्या. कनेक्शनसारखी सिरियलाइज न होणारी (पाठवण्याजोग्या बाइट्समध्ये न बदलणारी) फील्ड तर एक्सेप्शनमध्ये ठेवूच नये.

आणखी एक: आपला एक्सेप्शन रिमोटएक्सेप्शनपासून (आरएमआयच्या स्वतःच्या एक्सेप्शनपासून) बनवू नका. सर्व्हरवर फेकलेला असा एक्सेप्शन क्लायंटकडे सर्व्हरएक्सेप्शनमध्ये गुंडाळून येतो. साध्या एक्सेप्शनपासून बनवा आणि इंटरफेसमधल्या मेथडच्या थ्रोजमध्ये (ती कोणते एक्सेप्शन फेकू शकते त्या यादीत) रिमोटएक्सेप्शनच्या शेजारी त्याचंही नाव लिहा. क्लायंटने दोन्ही वेगवेगळे पकडायचे.